बाबांनी पोर्ट सैदहून आणलेली निळी बाहुली

प्रश्न : माझे बाबा बोटीवर होते, इंजीन रूममध्ये. १९६४ साली सुवेझमधून जाताना पोर्ट सैदला त्यांनी वीतभर उंचीची एक निळी बाहुली घेतली. होडीवाल्याने दोरीच्या टोपलीतून ती वर पाठवली आणि बाबांनी त्याच टोपलीतून सिगारेटची पाकिटं खाली सोडली, असं ते सांगायचे. बाहुली थडग्यातली आहे, असं होडीवाल्याचं म्हणणं. आता बाबा नाहीत. ती खरी आहे का? फोटो पाठवते आहे. लेस्टरला असलेला माझा मुलगा म्हणतो, ही खोटी असेल तर तुला खरी घेऊन देतो, इंटरनेटवर चारशे पौंडांत मिळते. घेऊ द्यावी का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, फोटो भिंगाखाली बराच वेळ पाहिले. ही बाहुली प्राचीन नाही. वाईट वाटेल, पण कारणं सांगतो, म्हणजे तुम्हालाही हातात घेऊन पाहता येतील.

हिला उशब्ती म्हणतात. मेल्यानंतरच्या जगातही शेतीची कामं असतात, अशी प्राचीन इजिप्तच्या लोकांची श्रद्धा होती. तिथे मालकाच्या नावाने हाक आली की त्याच्याऐवजी उशब्तीने ‘मी आहे’ म्हणून उभं राहायचं. म्हणून तिच्या हातात कुदळी आणि पाठीवर बियांची पिशवी असते. पुढच्या काळात एकेका माणसाबरोबर ४०१ उशब्ती पुरण्याची पद्धत पडली. वर्षाच्या दिवसांप्रमाणे ३६५ मजूर, आणि दर दहा मजुरांमागे एक असे ३६ मुकादम.

त्या बहुतेक फायान्सच्या असत. म्हणजे गारगोटीची भुकटी, चुना, खार आणि निळ्या-हिरव्या रंगासाठी तांबं. टवका उडालेला असेल तर आत खडीसाखरेसारखं रवाळ दिसतं. तुमच्या बाहुलीच्या पायाशी टवका उडालाय, तिथे आत गुळगुळीत पांढरं प्लास्टर आहे. दोन्ही कुशींवरून साच्याच्या जोडाची रेघ खाली गेली आहे. जुन्या उशब्ती बहुधा उघड्या साच्यात दाबून काढत आणि पाठ हाताने सारखी करत. अक्षरांचं तर विचारूच नका. चित्रलिपीतले पक्षी आणि माणसं ओळीच्या सुरुवातीकडे तोंड करून असतात. इथे एकाच ओळीतले दोन पक्षी एकमेकांकडे बघतायत. त्या ओळीत नाव नाही, मंत्र नाही, काहीच नाही.

आता मुलाचा प्रश्न. इथे मला माझंच सांगावं लागेल. मी लंडनला नोकरीला होतो तेव्हा शनिवारची दुपार पेट्री म्युझियममध्ये, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या वस्तूंच्या संग्रहालयात, घालवायचो. तिथे ८०,०००च्या आसपास वस्तू आहेत, कपाटं ओतप्रोत भरलेली. बघता बघता आपल्याकडेही एक असावी असं वाटायला लागलं आणि १९९८ मध्ये एका दुकानातून मी एक उशब्ती घेतली. सोबत टाइप केलेलं कार्ड होतं : ‘जुन्या इंग्रज कुटुंबाच्या संग्रहातून’. कोणतं कुटुंब, हे मी विचारलं नाही. चार वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक शुल्ट्झ या प्राचीन वस्तूंच्या नामांकित विक्रेत्यावर चोरीच्या मालाबद्दल खटला चालला, तेव्हा माझे डोळे उघडले. त्याने आणि त्याच्या इंग्रज साथीदाराने ‘थॉमस अल्कॉक संग्रह’ नावाचा जुना संग्रह चक्क रचला होता. लेबलं जुनी दिसावीत म्हणून चहाच्या वापरलेल्या पिशव्यांनी डागाळलेली. राजा तिसरा अमेनहोतेप याचं दगडी शिर इजिप्तबाहेर काढताना त्यावर प्लास्टिकचा थर देऊन ते बाजारी खेळण्यासारखं रंगवलं होतं. शुल्ट्झला ३३ महिन्यांची शिक्षा झाली. मी दुकानात परत जाऊन कुटुंबाचं नाव विचारलं. उत्तर मिळालं नाही.

मोठी संग्रहालयंही फसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने २०१७ मध्ये नेजेमान्ख या पुरोहिताची सोनेरी शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरना घेतली. सोबत १९७१ चा निर्यात परवाना होता. त्यावर शिक्का ‘अरब रिपब्लिक ऑफ इजिप्त’चा, आणि तारीख मे महिन्यातली, जेव्हा देशाचं नाव अजून ‘युनायटेड अरब रिपब्लिक’ होतं. पेटी इजिप्तमधल्या २०११ च्या क्रांतीच्या धामधुमीत लुटलेली निघाली. २०१९ मध्ये ती इजिप्तला परत गेली.

म्हणून मुलाला सांगा, वस्तूआधी कागद बघ. १९८३ च्या कायद्याने इजिप्तने या वस्तूंचा व्यापार पूर्ण बंद केला. त्याआधी परवान्याची दुकानं होती, कैरोच्या संग्रहालयात तर विक्रीची खोलीच होती. तेव्हा १९८३ पूर्वीची, खरं तर १९७० पूर्वीची पावती हवी, किंवा फोटो आणि क्रमांक असलेला जुना लिलावाचा कॅटलॉग. ‘चोरीच्या यादीत नाही’ असं प्रमाणपत्र दाखवतील, त्यावर जाऊ नका. रात्रीतून खणून काढलेली वस्तू कुणाच्या यादीत असणार? आणि असं खणताना त्या ४०१ जणींची ताटातूट होते. कोण कुणाची, कुठल्या थडग्यातली, हे कायमचं पुसलं जातं. माझ्या उशब्तीवर मालकाचं नाव तुटलंय, फक्त ‘हिच्या पोटी जन्मलेला’ एवढं उरलंय, आईचं नावही अर्धंच. तिच्या जोडीच्या कुठेतरी असतील, त्यांच्यावर ते पुरं असेल. ते मला आता कसं सापडणार? चारशे पौंडांत असे कागद मिळाले तर घ्या. नसतील तर, माझं स्पष्ट मत, घेऊ नका. पेट्रीचा संग्रह इंटरनेटवर फोटोंसह फुकट बघता येतो. बडोद्याच्या संग्रहालयात ममी आहे, कधी गेलात तर जरूर पाहा.

बाबांची बाहुली मात्र काढून टाकू नका. ओल्या फडक्याने पुसू नका, प्लास्टर फुगेल. आणि एका चिठ्ठीवर बोटीचं नाव, तारीख, टोपली, सिगारेटची पाकिटं, सगळं लिहून तिच्यासोबत ठेवा. बोटीचं नाव आठवत नसेल तर बाबांच्या सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींच्या, पुस्तकात बघा, प्रत्येक सफरीची नोंद त्यात असते.