कोयना खोऱ्यात एकाच डोंगरावर कुठे गर्द रान तर कुठे नुसतं गवत, असं का?

पाऊस सारखाच पडतो मग फरक का, असं तुम्ही विचारलंय. पावसावर ठरतं ते रान जास्तीत जास्त कसलं होऊ शकतं एवढंच. महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तिकडे माण तालुक्यात जेमतेम ५००. माणमध्ये अंजनी-जांभळाचं सदाहरित रान होणार नाही. पण एकाच डोंगरावरचा फरक बहुतेकदा माणसाच्या हातचा असतो.

मी पाटण तालुक्यातला. आमच्या उतारांवर पूर्वी कुमरी व्हायची. झाडी तोडायची, वाळली की पेटवायची, राखेत नाचणी-वरी घ्यायची आणि दोन-तीन वर्षांनी जमीन सोडून पुढे सरकायचं. इंग्रजांच्या जंगलखात्याने ती बंद करत आणली. पण अशा सोडलेल्या जमिनीवर रान लवकर उभं राहायचं, कारण बुंधे आणि मुळं जिवंत असायची, त्यांनाच धुमारे फुटायचे. ताली (उतारावरचे बांध) घालून पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या जमिनीत मुळंच उरत नाहीत. तिथे आधी गवत, मग करवंद-तोरणाची काटेरी जाळी, आणि त्या जाळीच्या आडोशाला पाखरांनी टाकलेल्या बियांतून जांभूळ वगैरे. त्यात दरसाल वणवा गेला तर कोवळी रोपं जळतात, जाड सालीचं ऐनाचं झाड तेवढं टिकतं आणि गवत हटत नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यानातली गावं उठल्यावर पडीक राहिलेल्या शेतांची गवताळ कुरणं झाली, ती अशीच. गव्यांची मात्र चंगळ.

कासच्या सड्याला (उघड्या खडकाळ पठाराला) हा हिशेब लावू नका. जांभ्यावर माती इतकी पातळ, की मोठ्या झाडाला मुळं रोवायला जागाच नाही. उघडं दिसलं की रोपं घेऊन धावणाऱ्यांना तिथे कोणीतरी अडवायला हवं.

तुमच्या डोंगरावर काय घडलं ते बरंचसं पायी फिरून कळेल. गवतात तालींच्या रेषा दिसल्या तर ते शेत होतं. रानात मध्येच जुने आंबे-फणस आणि दगडी जोती लागली तर वस्ती. ऐनाची खोडं ठेंगणी, गाठाळ असतील तर राबासाठी (रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळतात त्यासाठी) फांद्या छाटत आले असणार. मग जवळची देवराई बघा. तिथे कुऱ्हाड कमी चालली, म्हणून त्या मातीत कोणती झाडं येऊ शकतात याचा अंदाज येतो. फक्त देवराई ओढ्याकाठी असेल तर तिची तुलना कोरड्या उताराशी करू नका.