नोझलच्या थेंबांचा साइज लॅबशिवाय घरी मोजता येतो का?

तुम्ही लिहिलंय की काजूवर ढेकण्या किडीसाठी (टी मॉस्किटो बग) फवारणी करायचीय आणि दुकानदार म्हणतो निळी नोझल म्हणजे मोठा थेंब. तो घोळ करतोय. आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) नोझलचा रंग फक्त किती पाणी जातं ते सांगतो, निळी म्हणजे ३ बार प्रेशरला मिनिटाला साधारण १.२ लिटर. थेंबांच्या वर्गांना वेगळे रंग असतात आणि तिथे निळा म्हणजे कोर्स, म्हणजे जाड थेंब, म्हणून सगळे फसतात. एकच निळी नोझल प्रेशर वाढवलं की बारीक थेंब सोडते.

लॅबमध्ये लेझर डिफ्रॅक्शनने, म्हणजे थेंबांवरून लेझरचा प्रकाश कसा पसरतो ते बघून, मोजतात, ते आपल्याला परवडणारं नाही. घरी वॉटर सेन्सिटिव्ह पेपर वापरा, पिवळा कागद असतो, थेंब पडला की निळा डाग. टाकीत साधं पाणी घ्या, कागद फांद्यांना क्लिपने लावा, पानाच्या खालच्या बाजूला पण, आणि नेहमीच्या चालीने फवारत जा. डाग एकमेकांत मिसळले तर कागद बाद, पुढच्या वेळी भरभर चाला. मग सुकवून १२०० डीपीआयला स्कॅन करून इमेजजे ह्या डाग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, फुकट आहे.

आता खरी गोम. डाग थेंबापेक्षा मोठा असतो, ढोबळ दुप्पट, म्हणून भागून घ्यावं लागतं. आणि सरळ सरासरी काढू नका हो, ४०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एका थेंबात १०० मायक्रॉनच्या ६४ थेंबांएवढं पाणी असतं, म्हणून प्रत्येक व्यासाचा घन करून लहानापासून बेरीज करत जायचं आणि एकूण पाण्याच्या निम्म्यावर जो थेंब येतो त्याचा व्यास म्हणजे तुमचा व्हीएमडी, थेंबांचा साइज सांगणारा आकडा. शंभरच्या खालचे वाऱ्यावर उडतात, आणि पन्नासच्या खालचे ह्या कागदावर धड दिसतही नाहीत, त्यामुळे आकडा थोडा मोठाच येणार. दोन नोझलची तुलना करायला मात्र मस्त.

आपल्या गोव्यात दुसरीच पंचाईत, पावसाळ्यात हवेनेच कागद निळा पडतो, घामट बोट लागलं तरी डाग. काजूचा मोहोर डिसेंबर-जानेवारीचा, तेव्हा हवा त्यातल्या त्यात कोरडी, दहिवर सुकल्यावर हातमोजे घालून करा. पावसाळ्यातच, कुळागरात (बागायतीत) पोफळीवर बोर्डो बुरशीनाशकाच्या फवारणीच्या वेळेला तपासायचं असेल तर काचेवर व्हॅसलिन आणि लिक्विड पॅराफिन एकत्र करून थर द्या, थेंब त्यात गोलच राहतो, लगेच मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचा, इथे भागाकार पण नको.

हाताच्या पंपाला प्रेशर सारखं वरखाली होतं, नोझलच्या आधी गेज लावल्याशिवाय हे सगळं करण्यात अर्थ नाही.