राजीनामा लिहिण्याआधी फुआदला भेट

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शाळेची नोकरी सोडून पूर्णवेळ राजकारणात उतरायचं तुझ्या मनात आहे आणि त्यावर माझं मत हवं आहे. मत देतोच. पण आधी एका माणसाबद्दल सांगू दे. तुझ्यासमोरचाच प्रश्न त्याच्याही समोर होता, तोही फार बिकट काळात.

फुआद मुस्तफा सुलतानी. जन्म १९४८, इराणच्या कुर्दिस्तानात, म्हणजे कुर्द लोकांच्या मुलखात, मरीवान शहराजवळच्या अलमाने गावातला. त्याच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, ३१ मार्च १९४७ ला, महाबादच्या चौकात काझी मोहम्मद यांना फाशी दिलं गेलं होतं. वर्षभरही न टिकलेल्या कुर्द प्रजासत्ताकाचे ते अध्यक्ष. तेव्हा फुआदच्या पिढीला राजकारणाची किंमत घरच्या गप्पांतच कळत होती. शाळेत मात्र सगळं फारसीत. आईची कुर्दी भाषा वर्गाच्या दाराबाहेर ठेवायची.

मुलगा हुशार. तेहरानच्या आर्यमेहर विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकला. १९६९ मध्ये काही कुर्द विद्यार्थ्यांनी गुपचूप एक संघटना बांधली, तीच पुढे कोमला म्हणून ओळखली गेली. फुआद तिच्या संस्थापकांपैकी. तेलाच्या पैशाने इराणमध्ये तेव्हा कारखाने उभे राहत होते, अभियंत्याला राजधानीत काय कमी होतं? तो कुर्दिस्तानात परतला आणि तांत्रिक शाळेत शिकवू लागला. वर्ग सुटला की गावोगावच्या शेतकऱ्यांत जाऊन बसायचं. १९७४ मध्ये इराणचा राजा शहा याच्या गुप्त पोलिसांनी उचललं. चार वर्षं तुरुंगात गेली. १९७८ मध्ये तो सुटला तेव्हा शहाचं राज्य डळमळायला लागलं होतं.

आता नीट वाच, कारण मला जे सांगायचंय ते इथे आहे.

१९७९ च्या फेब्रुवारीत क्रांती होऊन शहाचं राज्य कोसळलं. साठच्या दशकातल्या जमीन सुधारणेत ज्या जमिनी कुळांकडे गेल्या होत्या, त्यावर जुने जमीनदार सत्तेच्या पोकळीत पुन्हा हक्क सांगायला लागले, तेही बंदुका घेऊन. फुआद आणि त्याच्या साथीदारांनी मरीवानच्या परिसरात शेतकऱ्यांचा संघ उभा केला. त्या संघाने हत्यारंही बाळगली. हे मी तुझ्यापासून झाकणार नाही. तुझ्या-माझ्या परिस्थितीत हत्याराचं समर्थन मी कधीही करणार नाही, पण जमीनदाराची टोळी दारात उभी असलेल्या माणसाचा निवाडा इथे खुर्चीत बसून करण्याचा अधिकारही मी घेणार नाही.

जुलैमध्ये मरीवानात निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली. नवं सरकार शहर ताब्यात घ्यायला फौज धाडणार हे दिसत होतं. गल्लीबोळांत लढाई झाली असती तर घरंदारं बेचिराख झाली असती. मुकाट शरण जाणंही लोकांना मान्य नव्हतं. मग ठरलं ते असं की शहरच सोडायचं. बायका, पोरं, म्हातारी माणसं, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी घेऊन लोक बाहेर पडले आणि शहराबाहेर झाडांखाली तंबू ठोकून राहिले. पाठीमागे मोकळ्या रस्त्यांचं शहर. ज्याला राज्य करायचंय त्याने रिकाम्या घरांवर करावं! दोन आठवड्यांच्या आसपास हे चाललं. कुर्दिस्तानातल्याच सनंदज शहरातून हजारो लोक पाठिंब्यासाठी पायी निघाले, शंभराहून जास्त किलोमीटर डोंगरवाट तुडवत. शेवटी सरकारला बोलणी करावी लागली आणि लोक आपापल्या घरी परतले.

मला यात शिक्षक दिसतो. दोन-चार शूर पोरं घेऊन ठाण्यावर चाल करणं त्यामानाने सोपं. अख्ख्या गावाला, त्यातल्या सर्वांत भित्र्या माणसालाही पेलेल असं काम शोधणं आणि ते त्यांच्याकडून करून घेणं फार अवघड. वर्गात पहिल्या बाकावरच्या चार पोरांना घेऊन पुढे पळणारा मास्तर आणि शेवटच्या बाकासाठी थांबणारा मास्तर यांतला फरक तुला मी वेगळा सांगायला नको. फुआद एकटा हे घडवू शकला नसता. पण पुढारपण त्याच्याकडे होतं आणि ते त्याने असं वापरलं.

पुढचं पटकन सांगतो, कारण ते लिहिताना मला त्रास होतो. १९ ऑगस्टला क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या खोमेनींनी कुर्दिस्तानावर फौज सोडली. मागोमाग न्यायाधीश खलखाली आले आणि मिनिटांत निकाल देत लोकांना गोळ्या घालत सुटले. मरीवानात मारलेल्यांत फुआदचे दोन भाऊ होते, हुसेन आणि अमीन. काही दिवसांतच, ३१ ऑगस्टला, साथीदारांसोबत प्रवासात असताना फुआदही मारला गेला. वय ३१. क्रांतीनंतर त्याला जेमतेम साडेसहा महिने मिळाले.

तू लिहितोस, ‘शाळेत राहून काही होत नाही.’ हे मला साफ नामंजूर आहे. त्याच प्रांतातला कामियारानचा फर्झाद कमांगर बघ. बारा वर्षं गावातल्या पोरांना शिकवत होता, शिक्षक संघटनेत काम करत होता. २००६ मध्ये त्याला पकडलं, छळ केला आणि २००८ मध्ये काही मिनिटांच्या सुनावणीत मृत्युदंड ठोठावला. तुरुंगातूनही तो विद्यार्थ्यांना आणि शिक्षक मित्रांना पत्रं लिहीत राहिला. ९ मे २०१० ला तेहरानच्या एविन तुरुंगात आणखी चौघांसह त्याला फाशी दिलं. घरच्यांना आधी कळवलंही नाही, मृतदेहही दिले नाहीत. चार दिवसांनी निषेध म्हणून कुर्द शहरांतली दुकानं बंद होती. त्यानंतरही सनंदजच्या झारा मोहम्मदीने मुलांना कुर्दी शिकवणं सोडलं नाही. तिला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि २०२२ च्या जानेवारीत ती तुरुंगात गेली. शाळेत काही होत नसतं तर सरकारने एवढी धास्ती कशाला घेतली असती?

तेव्हा माझं मत असं. इतक्यात राजीनामा देऊ नकोस. शाळा तुला लहान वाटते म्हणून सोडणार असशील तर राजकारणही तुला लवकरच लहान वाटायला लागेल. व्यासपीठ, माईक, हार यांची ओढ वाईट नसते, पण तिच्यावर संसार चालत नाही आणि संघटना तर मुळीच नाही. मात्र गावातली माणसं स्वतः येऊन म्हणाली की आता आम्हाला तू दिवसभर हवास, तर मागेपुढे पाहू नकोस. मीच तुझ्या घरच्यांशी बोलेन.

तोवर एक कर. तुमच्या गावातल्या पाणीवाटपाच्या भांडणाबद्दल तू दोन पानं लिहिली आहेस. त्यात तू काय बोललास ते सगळं आहे, बाकी कोण काय बोललं ते एका ओळीतही नाही. पुढच्या बैठकीत शेवटी बोल. जी माणसं एरवी गप्प बसतात, विशेषतः बायका, त्यांचं म्हणणं वहीत उतरवून घे आणि ते मला जसंच्या तसं पाठव. मग राजीनाम्याचं बोलू.

तुझा,
सर