पिल्लाचे हप्ते आणि शेल्टरमधली तीन वर्षांची कुत्री

नमस्कार,

पत्रात तुम्ही आकडे मोकळेपणाने दिलेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. तुमचा पेच थोडक्यात असा: नऊ वर्षांच्या मुलीला कुत्रा हवाय. तुमचं मन फ्रेंच बुलडॉगच्या पिल्लावर बसलंय. ब्रीडरने सांगितलेली किंमत तुमच्या हातात येणाऱ्या एका महिन्याच्या पगाराएवढी आहे आणि ती १२ हप्त्यांत फेडायची सोय आहे. पत्नीने शेल्टरमध्ये तीन वर्षांची एक संकरित कुत्री पाहून ठेवलीय. तिचं दत्तक शुल्क या किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढं. घराचं कर्ज चालू आहे, अडीअडचणीसाठीची शिल्लक दोन महिने पुरेल एवढीच. आणि तुम्ही विचारता, वर्षभरात फिटणारी रक्कम आहे, मग हवं तेच का घेऊ नये?

माझं मत आधीच सांगते. हप्त्यांवर पिल्लू घेऊ नका. शेल्टरमधली कुत्री घरी आणा आणि वाचलेले पैसे तिच्याच नावाने बाजूला ठेवा.

आता हिशोब. खाणं, लस, डॉक्टर, गावाला जाताना बोर्डिंग, असा सगळा मिळून पगाराच्या ६ टक्के महिना खर्च तुम्ही धरलाय, तो मला रास्त वाटतो. दहा वर्षांचे १२० महिने धरले तर हे ७.२ पगार होतात. पिल्लाची किंमत त्यात मिळवली की ८.२, दत्तक शुल्क मिळवलं तर ७.३. म्हणजे ज्या किमतीवरून घरात वाद चाललाय ती एकूण खर्चाचा जेमतेम आठवा हिस्सा आहे. 'दत्तक घेतलं की स्वस्तात पडतं' हे म्हणूनच अर्धंच खरं. खाणारं तोंड दोन्हीकडे तेवढंच खातं. खरा फरक पडतो तो या ६ टक्क्यांत न बसणाऱ्या खर्चामुळे.

फ्रेंच बुलडॉगची कवटी पिढ्यान् पिढ्या निवड करून आखूड केली गेली, पण आतला मऊ टाळू त्या मानाने आखूड झाला नाही. नाकपुड्या अरुंद आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी जादा मांस, अशी ही रचना. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि याला नेमकं तेच जमत नाही. कित्येकांच्या नाकपुड्या आणि टाळूवर शस्त्रक्रिया करावी लागते. मणक्याचे आणि त्वचेचे त्रास वेगळेच. विम्याचा विचार करत असाल तर पॉलिसीच्या आधीपासून असलेले आजार सहसा वगळलेले असतात, आणि जातीशी जोडलेल्या आजारांची कलमं तर बारकाईने वाचावी लागतात. या जातीच्या माद्यांची बाळंतपणं बहुतेक सिझेरियननेच होतात. किंमत चढी असण्याचं तेही एक कारण.

संकरित म्हणजे ठणठणीत, असंही मी म्हणणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये २४ आनुवंशिक विकारांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांतले १० शुद्ध जातींत जास्त आढळले, १३ मध्ये फरक नव्हता, आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचं प्रमाण उलट संकरितांत जास्त होतं. पण तीन वर्षांच्या कुत्रीबद्दल एक सोय आहे. तिची उंची, स्वभाव, चाल, श्वास, सगळं आज डोळ्यांसमोर आहे. आठ आठवड्यांच्या पिल्लाबद्दल नुसता अंदाज बांधता येतो. शिवाय पिल्लाची लस साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होऊन १६ आठवड्यांपर्यंत दर काही आठवड्यांनी चालते, पुढे नसबंदी. शेल्टरच्या शुल्कात हे बहुतेक वेळा उरकलेलं असतं.

हप्त्यांबद्दल मी एवढी ठाम का, तेही सांगते. आमचं पहिलं पिल्लू आम्ही असंच घेतलं होतं. विकणाऱ्याने ते आमच्या हाती पार्किंगमध्ये दिलं. आई दाखवा म्हटलं तर 'ती दुसरीकडे असते' म्हणाला. पाचव्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. हा विषाणू शरीरात गेल्यावर बहुधा ३ ते ७ दिवसांत लक्षणं दिसतात, म्हणजे ते तिथूनच आजार घेऊन आलं असण्याची शक्यता मोठी होती. इवल्याशा पंजाला सलाइनची सुई, वर गुंडाळलेली निळी पट्टी, आणि तशातही माझा आवाज ऐकून हललेलं शेपटीचं टोक. आठव्या दिवशी ते गेलं. कार्डाचा हप्ता त्यानंतर सात महिने येत राहिला. दर महिन्याला स्टेटमेंटमधली ती एक ओळ वाचताना काय व्हायचं ते मी कुणाला सांगू शकले नाही.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून 'लूसीचा कायदा' लागू आहे. सहा महिन्यांखालची पिल्लं मधल्या दलालाने विकायला तिथे बंदी आहे; पिल्लू जन्मल्या जागी, आईसोबतच दाखवावं लागतं. कायदा कुठलाही असो, तुम्ही हा नियम स्वतःला लावून घ्या. एवढं सांगूनही ब्रीडरकडूनच घ्यायचं ठरलं, तर आई पाहिल्याशिवाय आणि आई-बापाच्या तपासण्यांचे कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि रक्कम साठवूनच द्या. चांगले ब्रीडर असतात. ते तुम्हालाच दहा प्रश्न विचारतात.

शेल्टरकडेही तेवढेच कागद मागा: लसीची नोंद, नसबंदीचा दाखला, हार्टवर्मची (हृदयात वाढणाऱ्या जंतांची) तपासणी, कुणाला चावण्याचा इतिहास, आणि नाही जमलं तर परत घेण्याची अट. पहिल्या महिन्यात खोकला निघू शकतो, भीतीपोटी प्रशिक्षकाची गरज लागू शकते. त्यासाठी पाव पगार आधीच वेगळा ठेवा.

किमतीतला फरक ०.९ पगाराचा. पिल्लाचा हप्ता भरायचा तसाच हा पैसा वर्षभर दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. त्यातून आधी तो पाव पगार काढा. पण घराची शिल्लक दोन महिन्यांचीच असताना हे खाते आणि घरची शिल्लक एकमेकांत मिसळू देऊ नका. पाव पगार लागला नाही आणि सगळी रक्कम दरसाल ७ टक्क्यांनी वाढली, तर जमा झाल्यापासून सात वर्षांत ती सुमारे १.४ पगार होते. तोवर कुत्री अकराच्या घरात असेल. दात, सांधे, मूत्रपिंड यांची बिलं याच वयात येतात.

पुढच्या भेटीला मुलीला घेऊन जा. पिंजऱ्याबाहेर कुत्रीला अर्धा तास फिरवायची परवानगी मागा आणि दोर मुलीच्या हातात द्या, तुम्ही शेजारून चाला. जिना चढताना ती एखादा पाय उचलून धरते का, तेवढं बघून मला कळवा.