‘बाबांच्या गोळ्या बंद व्हाव्यात यावर काम करायचंय’

ताई, पत्र दोनदा वाचलं. मिस्टरांचं लिव्हर ट्रान्सप्लांट तीन वर्षांपूर्वी झालं, लिव्हरचा तुकडा तुम्हीच दिलात, आणि आता एसवाय बीएस्सी मायक्रोला असलेली लेक म्हणतेय की शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून बाबा घेतात त्या गोळ्या कशा बंद होतील यावरच रिसर्च करणार. आणि दीर म्हणतात डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा निघाली नाही म्हणून हे खूळ.

खूळ नाहीये हो. तिला सांगा, जपानमध्ये होक्काइडो युनिव्हर्सिटीत 10 पेशंटना त्यांच्याच पेशी लॅबमध्ये डोनरच्या पेशींसोबत वाढवून परत दिल्या, त्यातल्या 7 जणांच्या गोळ्या पूर्ण सुटल्या, 2016 ला छापून आलंय. बाकी तिघांना रिजेक्शन, म्हणजे शरीर लिव्हर नाकारतंय असं, दिसलं आणि गोळ्या परत चालू कराव्या लागल्या, म्हणून बाबांवर घरी काही प्रयोग नको, एक डोससुद्धा कमी करायचा तो डॉक्टरांना विचारूनच!

तुम्ही सकाळची गोळी न देता टॅक्रो लेव्हलला, म्हणजे रक्तात औषध किती ते बघायला, रक्त द्यायला नेता ना, तिच्या रिसर्चचा प्रश्न तिथेच आहे. टॅक्रोलिमस हे त्या गोळीतलं औषध टी-सेल्सना, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आयएल-2 हे वाढीचा निरोप देणारं प्रथिन बनवू देत नाही, त्यामुळे लिव्हरवर हल्ला थांबतो, पण गंमत अशी की हल्ला आवरणाऱ्या ज्या रेग्युलेटरी टी-सेल्स असतात त्यांनाही जगायला तेच आयएल-2 लागतं, म्हणजे हल्ल्याचा ब्रेकही ढिला पडतो. याच पेशींच्या शोधासाठी 2025 चं मेडिसिनचं नोबेल मिळालं, साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना. आणि लिव्हरसोबत डोनरच्या पेशीही येतात. ऑस्ट्रेलियात नऊ वर्षांच्या एका मुलीचा ब्लड ग्रुप ट्रान्सप्लांटनंतर ओ निगेटिव्हचा ओ पॉझिटिव्ह झाला, तिच्या गोळ्याही बंद झाल्या. अशी केस फारच दुर्मिळ, पण या विषयात माणसं का अडकतात ते कळतं.

आता रस्ता. एमबीबीएस लागत नाही. एमएस्सीसाठी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा, मग सीएसआयआर नेट ही परीक्षा, त्यातून जेआरएफ ही रिसर्च फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 स्टायपेंड. पीएचडीला पुण्यात एनसीसीएस ही पेशींवर काम करणारी संस्था, दिल्लीत एनआयआय ही इम्युनॉलॉजीची संस्था, आणि फक्त लिव्हरच हवं असेल तर दिल्लीतलंच आयएलबीएस हे लिव्हरचं हॉस्पिटल-संस्था. पण ताई, खरं सांगतो, एमएस्सी धरून सात-आठ वर्षं जातात आणि मधे एखादं वर्ष असं येतं की एकही प्रयोग चालत नाही. तेवढा धीर नसेल तर डोनर आणि पेशंट जुळतात का ते तपासणाऱ्या, म्हणजे एचएलए टायपिंग आणि क्रॉसमॅच करणाऱ्या लॅब आहेत, काम पेशंटच्या जवळचं आणि पगार लवकर सुरू. माणसांशी बोलायला आवडत असेल तर ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर, म्हणजे डोनर, पेशंट आणि डॉक्टर यांच्यातला दुवा, ट्रान्सप्लांटसाठी रजिस्टर्ड हॉस्पिटलला तो कायद्यानेच ठेवावा लागतो. हे दोन पर्याय दिरांना नक्की ऐकवा.

आत्ता लगेच काय, तर फ्लो सायटोमेट्री. रक्तातल्या पेशींना रंगीत अँटीबॉडी चिकटवून लेझरसमोरून एकेक सोडतात आणि सीडी4 किती, सीडी8 किती (टी-सेल्सचे दोन प्रकार) ते मोजतात. पेशंटची इम्यून सिस्टिम बदलतेय का हे बघायला हे मशीन लागतंच. सुट्टीत दोन महिने कुठल्यातरी लॅबमध्ये ते शिकू दे, सायन्स अकॅडम्यांच्या समर फेलोशिपलाही अर्ज करू दे. दिवसभर पिपेटिंग करून संध्याकाळी चेहरा कसा असतो ते तुम्हीच बघा.

पुढचं पत्र मात्र तिनेच लिहू दे. हा विषय तिला का आवडतो ते एक पान, आणि त्यात बाबांचं नाव कुठेही नको.