२०१६ची स्विफ्ट मॉडिफाय करायची आहे. आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे अडकणार नाही असं काय करता येईल?

तुमची यादी अशी: जोरदार लाइट, रुंद टायर, घुमणारा सायलेन्सर आणि मॅट काळा रॅप (सगळ्या गाडीवर चढवायचं स्टिकर). मीही सांगलीचाच, गाडीही तीच. फरक एवढाच, की माझे पैसे आधीच बुडून झालेत.

लाइटचं तुमचं दुखणं खरं आहे. कारखाने सुरू झाले की तासगाव रोडला अंधारातनं उसाची ट्रॉली एकदम नाकासमोर उभी राहते. मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, नुसती हलणारी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे. वैतागून मी १००/९० वॅटचे (अप्पर/डिपर) बल्ब टाकले. मूळचे ६०/५५. पंधरा दिवसांत डावा लाइट मिणमिणायला लागला. बॉनेट उघडून कप्लर (बल्बला वायर जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट) ओढला, तर तो बल्बच्या पिनांना चिकटलेला, प्लास्टिक काकवीसारखं ओघळलेलं. बसवणारा म्हणाला, "होतंय असं कधी कधी." होणारच. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १०० ला ८ च्या वर. फ्यूजला थोडी सवड ठेवलेली असते, त्यामुळे तो शांत बसतो आणि सांधा तापत राहतो.

आता बल्ब मूळ वॅटचेच आहेत. बॅटरीवरून जाड वायर आणि रिले (बटणाच्या लहान करंटवर लाइटचा मोठा करंट चालू करणारा स्विच) टाकून घेतला, पिवळी पडलेली काच पॉलिश केली. जुन्या गाडीत एवढ्यानं बराच फरक पडतो. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये स्वस्त एलईडी मात्र कोंबू नका. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंट नेमका कुठं आहे त्यावर ठरलेला असतो. जागा जरा हुकली की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. घरी भिंतीसमोर लावून बघा: डिपरला उजेडाची वरची कड स्वच्छ दिसली पाहिजे, उजवीकडे सपाट, डावीकडे किंचित चढलेली. ती कडच दिसत नसेल तर बल्ब परत करा.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीनं मूळ ठरवलेल्या आणि आरसीत नोंद असलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. सीएनजी चालतो, पण किट मंजूर हवं आणि आरसीवर नोंद हवी.

टायरला सोपी वाट आहे. तुमच्या बेस मॉडेलला १६५/८० आर१४ असतील. टॉप मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर१५ देते. बाहेरचा व्यास जवळपास तोच (६२० मिमीच्या आसपास), त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि वळवताना टायर आत घासत नाही. यापुढं जाऊ नका. १७ इंची रिमवरचा पातळ टायर आपल्या खड्ड्यांत चार दिवस टिकायचा नाही.

सायलेन्सर विसरा. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, वर लायसन्सही अडकतं. जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतानाचे फोटो तुम्हीही पेपरात पाहिले असतीलच. पुढचा लोखंडी गार्डही नको. धडक आधी तो घेतो, मग एअरबॅगच्या सेन्सरला वेळेवर कळेल याचा भरवसा नाही. हे मी फुकट सांगतोय, गार्ड विकणारा सांगणार नाही.

जे बसवाल त्याचं बिल विमा कंपनीला द्या आणि पॉलिसीवर चढवून घ्या. न सांगितलेल्या बदलावरून क्लेम अडवायला त्यांना आयतं कारण मिळतं.

राहिला रॅप. आरसीत रंगाचा रकाना असतो. पांढरी गाडी मॅट काळी दिसली की रंग बदललाच, मग तो पेंट असो वा स्टिकर. आधी आरटीओत अर्ज, मग काम, मग आरसीवर नोंद, याच क्रमानं जा. आणि गाडीवर कर्ज बाकी असेल तर त्याही आधी बँकेचं संमतीपत्र घ्या, नाहीतर अर्ज तिथंच अडकेल.