काळ्या जमिनीत, परसात विटांची पिझ्झा भट्टी टिकेल का? साध्या विटा चालतील का?

टिकेल, पण पाया चोख हवा. आपल्या तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ओटा घातला तर घुमट तडकतो. मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर माती काढून मुरूम भरा, पाणी मारून चोपा आणि वर सळईचा काँक्रीट स्लॅब टाका. यात काटकसर अजिबात नको.

ओट्याला गावची लाल वीट चालेल. तळ आणि घुमट मात्र फायर ब्रिकचेच (जास्त उष्णता सोसणाऱ्या विटांचेच) करा, कारण पिझ्झाला ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. आतल्या सांध्यांत नुसतं सिमेंट नको, फायर क्लेचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीचा मसाला वापरा. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवा. त्याहून जास्त असेल तर उष्णता निसटते, कमी असेल तर धूर कोंडतो. घुमटावर सिरॅमिक वूल (उष्णता अडवणारी, लोकरीसारखी चादर) गुंडाळून गिलावा करा.

पहिला जाळ अगदी लहान ठेवा आणि आठवडाभर रोज थोडा वाढवा. कोरडं बाभळीचं लाकूड उत्तम. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटवणीपुरती बरी, तिचा निखारा टिकत नाही. ती भरताच्या वांग्यांसाठी राखून ठेवा.